बर्फ न घेता निघालेली बोट

माझी आत्या बेटावरच्या बर्फाच्या कारखान्यात तीस वर्षं लाद्या फोडायची. सगळे तिला बर्फआत्या म्हणत, पण डोकं कायम तापलेलं. भलेभले बोटवाले तिला टरकून असत. कुणी किती लाद्या घेतल्या, त्यावरून तो किती दिवसांनी परतणार हे ती न विचारता सांगायची आणि सहसा चुकायची नाही.

त्या वर्षी बेटावर नशेची पावडर येऊ लागली. तिच्यापायी दोन तरुण मुलं दगावली. त्यातला एक आत्याच्या शेजारणीचा, आत्याच्याच अंगाखांद्यावर वाढलेला. पोलीस बोटी तपासायचे आणि हात हलवत परत जायचे.

एके सकाळी मी बाबांचा डबा घेऊन धक्क्यावर गेले. बाबा म्हणजे आत्याचा धाकटा भाऊ. त्यांनी डिझेलचे सहा कॅन चढवले होते, पण बर्फ घेतला नव्हता. सलग तिसऱ्या खेपेला! इतक्या लांब जाणारा माणूस मासळी काय उन्हात वाळवणार? आत्यानं ते हेरलं. तिनं एक लादी ओढत बोटीवर नेली आणि शेजारी ठाण मांडलं.

"ताई, उतर. उशीर होतोय."

"कशाला उशीर होतोय? मासळीला? ही वितळायच्या आत खरं काय ते सांग. नाहीतर मीही येते."

बाबा आधी ओरडले, मग गयावया करू लागले. अर्धी लादी पाणी होऊन गेली, तेव्हा ते तिच्याशेजारी बसले.

"एकदाच म्हणून गेलो होतो गं. आता ते पावडरवाले सोडत नाहीत."

"मग चल माझ्याबरोबर," आत्या म्हणाली आणि त्यांचा हात धरून कस्टमच्या कचेरीत घेऊन गेली. पुडकी समुद्रात कुठे हातात पडतात, ते बाबांनी सांगितलं. टोळी पकडली गेली. बोट जप्त झाली, बाबांना दोन वर्षांची शिक्षा झाली. आई वर्षभर आत्याशी बोलली नाही. मीसुद्धा बोलले नाही, याची मला अजून लाज वाटते.

सुटून आल्यावर बाबा दुसऱ्याच्या बोटीवर कामाला लागले. पहिल्याच दिवशी कारखान्याच्या दारात उभे राहिले, मान खाली घालून.

"ताई, दहा लाद्या दे."

आत्यानं बर्फ फोडायचा टोचा उचलला. 

"किती दिवसांनी येशील रे?" तिनं विचारलं.

दहा लाद्या म्हणजे चार दिवस, हे तिला पाठ होतं. तरी तिनं विचारलं.