चौदा नंबरचं बनियन

बास्केटबॉलमध्ये तेव्हा एक, दोन आणि तीन हे नंबर कुणालाच मिळत नसत. पंच बोटं दाखवून बऱ्याच गोष्टी सांगतो, त्यात हे आकडे घोळ करतात, म्हणून नंबर चारपासून पंधरापर्यंत. परभणीला आमच्या कॉलेजच्या संघात दहा पोरं होती आणि दहा बनियनं. स्टेशन रोडच्या एका शिंप्यानं ती शिवली होती. पाठीवरचे आकडे मराठीत, जुन्या पांढऱ्या चादरीतून कापून टाचलेले. मला चौदा नंबर मिळाला तो मी मागितला म्हणून नव्हे. ते बनियन सगळ्यांत ढगळ होतं आणि मी सगळ्यांत जाड होतो.

खेळायला मी बेताचाच. बाकावर बसणं आणि पाण्याची बादली राखणं ही माझी मुख्य कामं. पेडगावला घरी एवढंच माहीत होतं की पोरगं संघात आहे. कसा खेळतो हे कुणी विचारलं नाही आणि मीही कशाला सांगतोय!

दहा नंबर त्याचा होता. तो वालूरचा, रोज एसटीनं ये-जा करायचा. सहा फुटांच्या वर उंची, हडकुळा, आणि हात असे लांब की कुठल्याच सदऱ्याची बाही त्याच्या मनगटापर्यंत पोचत नसे. आमचं मैदान मुरमाचं. दुपारी पाणी शिंपडायचं, चुन्याच्या रेघा मारायच्या, तरी खेळ सुरू झाला की अर्ध्या तासात सगळे लाल. त्या धुळीत तो चेंडू घेऊन निघाला की समोरच्याला कळायच्या आत बास्केट झालेली असे. अख्खं गाव त्याला दहा नंबर म्हणायचं. चहाच्या हॉटेलातला मालकसुद्धा पोऱ्याला ओरडून सांगायचा, दहा नंबरला चहा दे. नाव कुणी घेतच नसे.

त्या वर्षी विभागाच्या स्पर्धेचा शेवटचा सामना आमच्याच मैदानावर ठरला. बहात्तरच्या दुष्काळानंतरचं दुसरं वर्ष असेल. आमचे खेळाचे सर म्हणाले, की निवड करणारे साहेब लोक काही इथवर येणार नाहीत, सगळ्या सामन्यांचे गुणतक्ते औरंगाबादला मागवून त्यावरूनच विभागाचा संघ निवडतील. त्या संघात जो खेळला त्याला सरकारी खात्यात खेळाडूच्या जागेवर घेतात, हे सगळ्यांना ठाऊक होतं. बाकीच्यांना त्याचं एवढं काही नव्हतं. आमच्या घरी जमीन होती, नापास झालो तरी बैल ओळखत होते. त्याचं तसं नव्हतं. वडील दुसऱ्याच्या शेतात राबायचे, आई दुष्काळात रस्त्याच्या कामावर मजुरीला होती, आणि हे त्याचं कॉलेजचं शेवटचं वर्ष. ही एकच खिडकी होती आणि ती एकदाच उघडणार होती.

सामन्याच्या चार दिवस आधी तो होस्टेलवर माझ्या खोलीत आला आणि म्हणाला, तुझा चौदा नंबर मला दे, माझा दहा तू घे.

मी जात्याच तापट. ज्या नंबरकडे दोन वर्षं कुणी ढुंकून बघितलं नव्हतं तो कुणी मागितल्याबरोबर मला एकदम प्यारा झाला. मी म्हणलं, का रे बाबा, दहाचा कंटाळा आला का? ज्योतिष्यानं सांगितलं का? तो दारातच उभा राहिला. मग म्हणाला, "आई येणार हाय मॅच बघायला. तिला तेवढाच एक आकडा वाचता येतो."

मी मूर्खासारखं विचारलं, चौदाच कसा काय? त्यानं सांगितलं, की त्यांच्या वस्तीतल्या भिंतीवर दरसाल निळ्या रंगानं चौदा एप्रिल लिहितात. त्याआधी भिंतीला चुना देते ती त्याची आई. बाकी अक्षरं तिला लागत नाहीत, पण चौदा ती कुठंही ओळखते. कॅलेंडरवर, दुकानाच्या पाटीवर, कुठंही. मी खुंटीवरचं बनियन काढून त्याच्या हातात दिलं आणि त्याचं घेतलं.

तो गेल्यावर माझा खोलीतला जोडीदार म्हणाला, त्यानं घातलेलं तू तसंच अंगात घालणार? त्याला काय म्हणायचं होतं ते मला बरोबर कळलं. मी त्याला असा काही झापला की दोन दिवस तो माझ्याशी बोलला नाही. पण खोटं कशाला सांगू, बनियन मी धुतलं. दोनदा धुतलं. तेव्हा मनाला म्हणालो, घामाचा वास येतोय म्हणून. आज तसं म्हणवत नाही.

सरांनी गुणतक्त्यावर नवीन नंबर नीट लिहिले. दहासमोर माझं नाव, चौदासमोर त्याचं. सामना सुरू झाला. गुण लिहायला कॉलेजचे हेडक्लार्क बसले होते. वर्षानुवर्षं तेच बसायचे. बास्केट झाली की त्या पोराच्या ओळीत एक उभी रेघ, आणि फाउलवर मिळालेल्या मोकळ्या फेकीचा गुण झाला की बारीक गोल. त्यांच्या लिखाणात कधी खाडाखोड नसायची आणि त्याचा त्यांना लय गर्व होता.

त्याची आई लिंबाखाली भुईवरच बसली होती. खुर्चीवर बसा म्हणून मी सांगायला गेलो तर म्हणाली, हितं बरं हाय. तिच्या पाठीवर ऊन आलं तरी ती हलली नाही. सारा वेळ उजवा हात पदरात. मला वाटलं बाई काही तरी पुटपुटतेय, लेकासाठी मागणं मागतेय. आम्ही जिंकलो. त्यानं किती बास्केटी टाकल्या हे मोजायचं भान कुणालाच राहिलं नाही, मलाही नाही. शेवटची चार मिनिटं राहिली तेव्हा सरांनी मला त्या तंग बनियनात आत पाठवलं. एकदा चेंडू माझ्या हातात आला, घाबरून मी तो वर फेकला आणि तो आत पडला. एवढी माझी कामगिरी.

अकरा दिवसांनी फळ्यावर कागद लागला. आमच्या कॉलेजातून एकच नाव होतं आणि ते माझं होतं.

आता मला कुणी विचारलं की तुला काय वाटलं, तर सांगतो. आनंद झाला. लय आनंद झाला. संध्याकाळच्या गाडीनं मी पेडगावला गेलो, वडिलांनी देवळासमोर पेढे वाटले, चुलत्यानं पाठीवर थाप मारली. त्या एका बास्केटीत कुणाला तरी माझ्यातला गुण दिसला असावा, असंसुद्धा मला रात्रभर वाटलं. माणूस स्वतःला किती फसवू शकतो याला काही सुमार नाही.

परत आल्यावर सरांकडे गुणतक्त्याची नक्कल बघितली. दहा नंबरच्या ओळीत तेरा रेघा होत्या आणि फाउल एकही नाही. चौदाच्या ओळीत रेघ एक आणि फाउल चार. फाउल बरोबर लागले होते, कारण तेव्हा पंच बोटांनी नंबर दाखवतो. बास्केटी मात्र हेडक्लार्कांनी माणूस बघून लिहिल्या होत्या. तो पोरगा म्हणजे दहा नंबर, हे त्यांच्या हातात इतकं मुरलं होतं की पाठीकडे बघायची त्यांना गरजच वाटली नाही. आणि चौदा म्हणजे मी, म्हणून माझी एक रेघ चौदाला. औरंगाबादच्या साहेबांनी ओळीतल्या रेघा मोजल्या आणि समोरचं नाव उचललं.

मला सगळं त्याच क्षणी कळलं होतं. तरी मी चार दिवस गप्प बसलो.

त्या चार दिवसांत तो रोज संध्याकाळी मैदानावर आला. कागद त्यानंही वाचला होता. पण एका शब्दानं तकरार केली नाही. नेहमीसारखा मला चेंडू देत होता, कोपर आत घे, वर बघून फेक, असं शिकवत होता. मला विभागाच्या संघाच्या शिबिराला जायचंय म्हणून शिकवत होता! ते माझ्यानं सोसवेना. मेसमध्ये वरण पातळ झालं म्हणून मी ताट आपटलं, धोब्याशी भांडलो, जोडीदाराशी भांडलो. चोराच्या मनात चांदणं म्हणतात, ते काही उगीच नाही.

पाचव्या दिवशी खेळ संपल्यावर मी त्याला म्हणलं, त्या तेरा बास्केटी तुझ्या आहेत, माझ्या नावावर पडल्यात. त्यानं चेंडू काखेत धरला आणि म्हणाला, चल मग.

आम्ही दोघं सरांना घेऊन ऑफिसात गेलो. हेडक्लार्क काही केल्या ऐकेनात. म्हणाले, दहा नंबर कोण हे मला शिकवता का? मी त्याच्याच बास्केटी लिहिल्यात, त्याच्याच ओळीत लिहिल्यात, तुमची नावंच उलटी पडली असतील. सर म्हणाले, नावं मी स्वतः लिहिली, यांनी बनियनं बदलली होती. ते म्हणाले, माझ्या देखत नाही बदलली. मामला असा अडला. त्यांची सही असल्याशिवाय दुरुस्ती वर जाणार नव्हती. सरही जरा कचरले. म्हणाले, हे दोघं मित्र, वर विचारतील पुरावा काय, तर काय सांगू? हजार माणसांनी बघितलं होतं, पण मोजलं कुणी होतं?

तेव्हा तो पहिल्यांदा बोलला. "माझ्या आईनं मोजलंय."

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं त्याची आई वालूरहून आली. ऑफिसात आली ती चप्पल बाहेर काढून, आणि खुर्ची दिली तरी उभीच राहिली. पदराच्या टोकाला सुपारीएवढी गाठ होती. ती म्हणाली, दुष्काळात रस्त्याच्या कामावर आम्ही माती वाहायचो. मुकादम टोपल्या कमी लिहायचा. म्हणून दर टोपलीला एक दाणा पदरात टाकायचा, आणि हजेरी आपल्या नावावर लिहून होईस्तोवर गाठ सोडायची नाही. पोराच्या खेळातही टोपलीच आहे असं त्यानं सांगितलं होतं, म्हणून तसंच केलं. मग त्याचं नाव काही लागलं नाही असं ऐकलं, तशी गाठ राहू दिली.

तिनं ती टेबलावर सोडली. तुरीचे दाणे होते. हेडक्लार्कांनी चष्मा लावला आणि बोटानं एकेक सरकवत मोजले. तेरा. त्यांनी तक्ता काढून रेघा मोजल्या, परत दाणे मोजले. गोल किती ते विचारलं, तर ती म्हणाली, ते उभं राहून टाकायचं फुकटचं, ते कशाला धरू? म्हाताऱ्याच्या तोंडावर जरा हसू आलं. माणसाच्या सांगण्यावर त्यांचा भरवसा नव्हता, मोजण्यावर होता. आणि ही बाई त्यांच्यासारखीच मोजणारी निघाली. ते म्हणाले, बाई, तुमच्या मुलाच्या पाठीवर दहा नव्हता कशावरून? ती म्हणाली, "पाठीवर चवदा व्हता. मला वाचता येतो."

दाण्यांत एक ज्वारीचा दाणा होता. हेडक्लार्कांनी तो बाजूला काढला आणि हा कसला म्हणून विचारलं. तिनं माझ्याकडे बोट केलं. "ह्यो ह्या लेकराचा. त्यानं बी एक टाकली व्हती. कुणी लिवली न लिवली, म्हणून ठुला."

मला तिथं उभं राहवेना. हेडक्लार्कांनी दोन्ही ओळींवर आडवी रेघ मारली, नव्यानं लिहिलं आणि खाली सही केली. त्यांच्या तक्त्यावरची ती पहिली खाडाखोड असावी. सरांनी त्याच दिवशी माणूस पाठवून कागद औरंगाबादला पोचवला, आणि आठवड्यानं त्याचं नाव आलं. पेडगावला जाऊन मी घरी खरं काय ते सांगितलं. पेढे तर वाटून झाले होते.

तो शिबिराला निघाला त्या दिवशी मी एसटी स्टँडवर गेलो. चौदा नंबरचं बनियन त्याच्या पिशवीत होतं, दहाचं माझ्याकडे राहणार होतं. गाडी लागायला वेळ होता. इतके दिवस मनात असलेलं मी शेवटी विचारलं. म्हणलं, तू स्वतः का नाही बोललास? तुला तर पहिल्या दिवशीच कळलं होतं.

तो म्हणाला, "मी बोललो असतो तर म्हणले असते, भांडायलाय. तू बोललास तर म्हणले, चूक झाली व्हती."

गाडी लागली, लोक खिडक्यांतून टॉवेल टाकून जागा धरायला लागले. त्यानं पिशवी खांद्याला लावली आणि दाराच्या पायरीवर चढून मागं वळला. म्हणाला, "त्या चार दिसांत आई म्हणायलती, ते पोरगं सांगंल. मी म्हणायलतो, न्हाई सांगायचा."

त्याचं काही चुकलं नव्हतं. चौथ्या दिवसापर्यंत मीसुद्धा नाहीच म्हणत होतो.