शाळेच्या छतावरून मिल दिसत होती

गेल्या वर्षी आम्ही नेटवर्कमधली जुनी यंत्रं बदलायला घेतली. चंद्रपूर जिल्ह्यातल्या मूल या गावात माझा वायरलेस इंटरनेटचा छोटा धंदा आहे. राइस मिलवरच्या टॉवरवरून आसपासच्या खेड्यांत नेट जातं. नव्या यंत्रांचा पल्ला मोठा, त्यामुळे मधला एक टप्पा लागणारच नव्हता. तो टप्पा म्हणजे जंगलाच्या कडेच्या गावात, एका बाईंच्या घरावरची अँटेना. ती उतरवायला मी स्वतः गेलो. दुसऱ्या कोणाला पाठवणं मनाला पटलं नाही.

सहा वर्षांपूर्वी तिथे अँटेना बसवली तेव्हा अंगणातलं मोहाचं झाड आड येत होतं. मध्ये झाड आलं की ही यंत्रं आंधळी होतात. चार घरं सोडून शाळा होती आणि तिच्या छतावरून मिल सरळ दिसत होती. पण शाळेचं म्हणजे अर्ज, ठराव, दोन-चार चकरा. मला त्याच आठवड्यात काम संपवायचं होतं.

बाईंनी तेव्हा विचारलं होतं, “भाऊ, दुसरीकडं नाई लागत का हे?”

“नाई लागत, बाई,” मी म्हणालो.

त्यांची मुलगी चंद्रपूरला नर्सिंग शिकत होती. घरी नेट आलं की रोज तिचं तोंड दिसेल, एवढ्यासाठी त्या तयार झाल्या. त्यांच्या नवऱ्याने मिलकडच्या सगळ्या फांद्या उतरवल्या. दोन पावसाळ्यांत झाड वाळून गेलं. ते मला येता-जाता दिसायचं. मी गाडी थांबवत नसे.

अँटेना सोडवून मी खाली आलो, तेव्हा बाईंनी चहा आणला. कप देताना त्यांचं मनगट वाकडं दिसलं. हाड चुकीचं जुळलं होतं.

“हाताले काय झालं, बाई?”

“मोहफुलं वेचाले गेलती जंगलात. अस्वल आडवं आलं. पळता पळता पडली.”

“एकट्याच गेल्या होत्या?”

“नाई, चारपाचजणी होतो. पहिले कुठी जा लागे? अंगणातच टोपली भरे.”

त्यांच्या बोलण्यात टोमणा नव्हता. तो असता तर मला सोपं गेलं असतं. ओट्यावर त्यांचा नवरा जाळं विणत बसला होता. तलावात मासे धरून त्यांचं घर चालायचं. कप खाली ठेवला आणि मी सांगून टाकलं.

“बाई, तेव्हा अँटेना शाळेवर लागली असती, तिथूनही तुमच्या घरी नेट आलं असतं. मी खोटं बोललो.”

जाळ्यावरचे हात थांबले.

“काऊन?” बाईंनी विचारलं.

मोठं असं काही कारणच नव्हतं. “घाई होती,” मी म्हणालो.

“इतकंच?”

“इतकंच.”

अंगणात वाळलेला मोह तोडून उरलेल्या खुंटाकडे त्यांनी बघितलं. मग म्हणाल्या, “पोरीचं तोंड रोज पाह्याले भेटलं, म्हून मी झाडाचं मनाले लावून घेतलं नाई. एक भेटते तर एक जाते, असं समजली. आता तुम्ही सांगून राह्यले, दोन्ही भेटलं असतं.”

मी माफी मागितली. नवं रोप लावून देतो म्हणालो.

“लावाचं तर लावा,” त्या म्हणाल्या. “मोहाले फुलं याले किती वर्सं लागते, तुमाले मालूम आहे ना?” आणि माझा अर्धा भरलेला कप उचलून आत गेल्या.

पावसाळ्यात मी रोप लावलं. ते बकऱ्यांनी खाल्लं. दुसरं लावलं आणि भोवती काट्यांचं कुंपण केलं. त्याला पाणी बाईंचा नवरा घालतो. त्यांच्या घरी नवं यंत्र बसवलं, ते नीट चालतं. बाई मात्र मी गेलो की काही ना काही काम काढून मागच्या दारी जातात.

यंदा मार्चमध्ये सकाळी गेलो, तर त्या घरी नव्हत्या. मी विचारायच्या आधीच नवऱ्याने सांगितलं, “जंगलात गेली आहे.”

मी कुंपणाच्या दोन सुटलेल्या फांद्या बांधल्या आणि बाई परत येईपर्यंत थांबलो. त्या आल्या. टोपली डोक्यावर होती, चांगला हात तिला धरून होता. मी दिसताच बाई बाजूने वळून आत गेल्या.