बंड्याचा निरोप घेऊ नये

माझ्या मावशीच्या यजमानांना घराबाहेर पडायला जेवढा वेळ लागत असे, तेवढ्यात सबंध जर्मनी कामावर पोचून पहिली कॉफी संपवत असे. हे मी अनुभवाने सांगतो, कारण न्युरेम्बर्गला पीएच.डी. करत होतो ती पाच वर्षं मी त्यांच्या मागच्याच गल्लीत राहत होतो आणि आठवड्यातून निदान चारदा त्यांच्याकडे जेवत होतो. काका तीस वर्षांपासून तिथे. एका मोठ्या कारखान्यात यंत्रं माणसाला इजा तर करणार नाहीत ना, हे तपासायचं त्यांचं काम. मीटिंगला पाच मिनिटं आधी हजर, कचरा चार डब्यांत वेगळा, रविवारी भिंतीत खिळा ठोकायचा नाही. बाकी सगळ्या बाबतींत ते जर्मनांच्या वरताण होते. निरोप घेणं मात्र त्यांनी मिरजेहून आणलं होतं ते तसंच ठेवलं. कुणाच्या घरून निघायचं म्हणजे आधी सोफ्यावर बसून "चला, निघतो", मग उभं राहून, मग बूट घालताना, मग दारात, आणि गप्पांना खरी रंगत यायची ती जिन्यात. त्यांच्या एका सहकाऱ्याने वाढदिवसाला बोलावलं होतं. तो सज्जन माणूस डिसेंबरच्या थंडीत दार उघडं धरून नुसत्या मोज्यांवर अर्धा तास उभा राहिला आणि पुढे आठवडाभर सर्दीने घरी बसला. एकदा मला स्टेशनवर सोडायला आले, शेवटच्या सूचना द्यायला डब्यात चढले, दारं मिटली, आणि काका मला सोडायला म्हणून थेट पुढच्या गावापर्यंत, फ्यूर्टपर्यंत आले. तिथल्या फलाटावर त्यांनी पुन्हा पहिल्यापासून निरोप घेतला.

निघणाऱ्याच्या तळहातावर चमचाभर दही ठेवल्याशिवाय त्यांच्या घरातून कुणी बाहेर पडत नसे. मावशी म्हणायची, "अहो, तो दूध आणायला चाललाय, परीक्षेला नाही." काका दही ठेवायचेच. त्यांची मुलगी शिकायला हाम्बुर्गला निघाली तेव्हा मात्र ते वाटी घेऊन स्वयंपाकघरातून येईपर्यंत ती पोरगी "च्युस, पापा" असा एका शब्दाचा जर्मन टाटा करून मैत्रिणीच्या गाडीत बसलीसुद्धा होती. ते दही काका संध्याकाळपर्यंत फ्रिजमध्ये ठेवायला विसरले, असं मावशीने मला नंतर सांगितलं.

त्यानंतर दोन महिन्यांनी घरात बंड्या आला. डाकेल जातीचं पिल्लू. पाय चार बोटं उंचीचे, अंग हातभर आणि आवाज कारखान्याच्या भोंग्याचा. काका तेव्हा निवृत्तीच्या आधीची अर्धवेळ नोकरी करत. सकाळी दहाला निघायचे. मावशी सकाळीच औषधाच्या दुकानात कामाला गेलेली असे, ती बाराला परत यायची. म्हणजे दहा ते बारा बंड्या एकटा. पहिल्या आठवड्यात त्याने दोन तासांत टेलिफोनची वायर, एक कुंडी आणि मावशीचा शिवणाचा डबा निकालात काढला, आणि ते करताना सगळा वेळ गळा काढून रडला. खालच्या मजल्यावरच्या घरमालकीणबाई वर आल्या. रागावल्या नाहीत. त्या म्हणाल्या, "हे बघा, मला कुत्रे आवडतात. पण महिनाअखेरपर्यंत तो शांत राहायला शिकला नाही, तर त्याला जिथून आणलंत तिथे परत पाठवायचं." काकांनी मान डोलावली आणि त्या दिवशी जेवले नाहीत.

दुसऱ्या दिवशी त्यांनी आलेखाच्या कागदावर बंड्यासाठी कुंपण आखलं. स्वयंपाकघराचा कोपरा निवडला. हीटरपासून दूर, एकही वायर जवळ नाही. फळ्यांमधलं अंतर बंड्याचं डोकं मोजून ठरवलं, म्हणजे ते अडकायला नको. पाण्याचं भांडं उलटणार नाही असं जड, अंथरायला मावशीचा जुना स्वेटर, चावायला रबरी हाड, आणि आत सोडताना गळ्यातला पट्टा काढायचा, कारण पट्टा कशात तरी अडकू शकतो. वरून फळ्यांचं झाकण, सगळं भिंतीला स्क्रूने पक्कं. कडी बाहेरून, दोनदा फिरवल्याशिवाय न उघडणारी. आता कारखान्यात त्यांचा नियम असा की ज्याच्यासाठी वस्तू करायची, त्याच्या जागी स्वतः बसून पाहायचं. त्या शनिवारी मावशी बाहेर गेली होती आणि मी दुपारी जेवायला गेलो तर दार कुणी उघडेना. माझ्याकडची किल्ली लावून आत गेलो. काका कुंपणात गुडघे पोटाशी घेऊन आडवे पडले होते आणि बंड्या बाहेर बसून त्यांची चप्पल खात होता. "दीड तास झाला," काका आतून शांतपणे म्हणाले. "कडीपर्यंत हात पोचत नाही. रचना उत्तम आहे." बाहेर काढल्यावर त्यांनी आधी वहीत "सुटका अशक्य" असं लिहिलं आणि मग पाय चोळले.

पण कुंपणाने वायरी वाचल्या, रडणं थांबलं नाही. शेवटी कुत्र्यांच्या शाळेतल्या बाई घरी आल्या. म्हणाल्या, "रोज जसे निघता तसे निघून दाखवा." काकांनी बंड्याला कुरवाळलं, पुढच्या पंजावर दही ठेवलं, कुठे जाणार, कोणत्या बसने, मावशी किती वाजता येणार, हे सगळं मराठीत सांगितलं. "येतो हं" म्हणाले. दारातून परत आले, पुन्हा "येतो हं" म्हणाले. वीस मिनिटं झाली. तोवर बंड्या थरथरायला लागला होता. बाई म्हणाल्या, "कुत्रा ठीक आहे. शिकवायचं तुम्हाला आहे. बघायचं नाही, हात लावायचा नाही, एक शब्द बोलायचा नाही. कोट घालायचा आणि जायचं. आज एक मिनिट, उद्या तीन."

काकांना कुणी इतकं अवघड काम आयुष्यात दिलं नसेल. "न सांगता घर सोडायचं? आपल्यात असं जातात का रे?" ते मला विचारत. तरी रोज मुकाट्याने बाहेर पडत आणि जिन्याच्या खिडकीपाशी हातात घड्याळ धरून, कान दाराकडे लावून उभे राहत. एक मिनिट, तीन, सात, वीस. दही न ठेवता कसं जायचं म्हणून जिन्यातच ते स्वतःच्या तळहातावर घेऊन खात.

महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात पूर्ण दोन तासांची परीक्षा ठरली. काका ओठ घट्ट मिटून कामावर गेले आणि जिन्यात मला उभं केलं. पाच मिनिटांनी घरमालकीणबाई स्वतःची खुर्ची आणि माझ्यासाठीही कॉफी घेऊन वर आल्या. साडेदहाला आतून एकदा कुईं ऐकू आलं. आम्ही दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. मग काही नाही. बारा वाजता मावशीने दार उघडलं तर बंड्या स्वेटरवर उताणा झोपलेला. घरमालकीणबाई म्हणाल्या, "हा इथेच राहील," आणि खुर्ची उचलून खाली गेल्या. तेवढ्यात माझा मोबाईल वाजला.

"झोपला होता?" काकांनी विचारलं.

"हो. बाई म्हणाल्या, राहू दे."

"माझ्यासाठी रडला नाही?"

"नाही काका."

"बरं झालं," ते म्हणाले, आणि त्यांनी फोन ठेवला. फोनवरचा त्यांचा निरोप कधी दहा मिनिटांच्या आत आटोपला नव्हता.

पुढे दोन वर्षांनी माझं काम संपलं आणि मी पुण्याला परत निघालो. मी मनाची तयारी करून गेलो होतो. दही, सूचना, जिना, बसस्टॉप, कदाचित विमानतळापर्यंत. मावशी कामावर होती, तिचा निरोप आदल्या रात्रीच घेतला होता. काका दार उघडताच म्हणाले, "हे बघ, निरोप-बिरोप काही नाही. कोट घालायचा आणि जायचं. त्याने त्रास होत नाही, आपण करून पाहिलंय." आणि पाठ फिरवून ते स्वयंपाकघरात गेले. मी कोट घातला. दार ओढून घेतलं.

पण मला खाली उतरवेना. जिन्याच्या खिडकीपाशी, त्यांच्या नेहमीच्या जागी, मी बॅग ठेवून उभा राहिलो आणि दाराकडे कान लावला. मग काका बंड्याशी बोलायला लागले. बंड्या केव्हाच शहाणा झाला होता, तो काही रडत नव्हता. "असं रडायचं नाही," काका घोगऱ्या आवाजात त्याला समजावत होते. "बारा वाजता मावशी येईल. तोवर गप्प बसायचं." मला रडू आलं. खाली माझी बस आली आणि गेली. मी घड्याळ बघत आणखी सात मिनिटं तिथेच उभा राहिलो.