केस वाचवणारी टोपी आणि टकलू मॉडेल

११ फेब्रुवारी. बॉसच्या स्लाइडमधलं डोकं 'अजून थोडं निळं', म्हणजे आणखी थंड दिसेल असं, करायचं काम चाललं होतं. शरीरात उष्णता कुठून कुठे जाते याची गणितं मी परळच्या एका संशोधन केंद्रात कॉम्प्युटरवर मांडते. त्या वेळी आम्ही थंड टोपी बनवत होतो. केमो चालू असताना डोक्याची त्वचा बावीस डिग्रीच्या खाली नेली, की तिथला रक्तपुरवठा घटतो, औषध केसांच्या मुळांशी कमी पोचतं आणि केस टिकायची शक्यता वाढते. माझ्या मॉडेलमध्ये त्वचा एकोणीसवर जायची. बॉस खूश होते.

टोपी वापरणाऱ्या पहिल्या पेशंट काळाचौकीच्या सावंतबाई. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांचा पहिला केमो. डोक्याचं माप द्यायला आल्या होत्या. घरी आजार फक्त नवऱ्याला ठाऊक.

"सासू हाय खाईत," त्या म्हणाल्या. "केस रवले तर तिका कळाचा नाय."

त्यांना घेऊन आलेल्या शिंदे सिस्टर माझ्या स्क्रीनकडे बघत होत्या. "मॅडम, हिचे केस कुठायत?"

"कुणाचे?"

"या तुमच्या डोक्याचे."

ते डोकं सॉफ्टवेअरबरोबर आलं होतं. गुळगुळीत. केस वाचवणाऱ्या टोपीचं गणित चार पीएचडीवाले दीड वर्ष टकलावर करत होतो. टोपी प्रत्यक्ष तपासली तीही बॉसच्या डोक्यावर. तिथे मॉडेल तंतोतंत जुळलं होतं.

केसांत अडकलेली हवा स्वेटरचं काम करते. सावंतबाईंच्या केसांचा थर मोजून मॉडेलमध्ये घातला. उत्तर आलं सत्तावीस.

बॉस म्हणाले, "केस निग्लिजिबल धरता येतील ना?"

"सर, तेच वाचवायचेत."

"मग उद्याचं पुढे ढकलू या."

"केमो आपल्यासाठी थांबत नाही, सर. केस ओले केले तर हवेच्या जागी पाणी येईल. त्यातून उष्णता लवकर जाते." पुन्हा रन केलं. एकवीस.

"नाही व्हायचं," सिस्टर म्हणाल्या. "तेल बघा किती आहे. पाणी ठरेल कुठे?"

"हॉस्पिटलात येवचा म्हणान चोपडलंय," सावंतबाई ओशाळल्या.

तेलाचं समीकरण माझ्याकडे नव्हतं.

सगळे केमो संपेपर्यंत सावंतबाईंची वेणी बारीक झाली, पण वेणीच राहिली. सासूबाईंची तक्रार एकच, सून हल्ली तेल लावत नाही. मी शिकले ते एवढंच, की मॉडेल ज्याच्या डोक्यावर तपासाल त्याच्यापुरतंच खरं असतं. बॉसच्या पेपरात या उपायाला 'हेअर प्रिपरेशन प्रोटोकॉल' असं भारदस्त नाव आहे. प्रत्यक्षात दुसऱ्या दिवशी सकाळी मी वॉर्डच्या बेसिनवर सावंतबाईंचं डोकं शाम्पूने दोनदा धुतलं, ओले केस चपट बसवले, टोपी आवळली आणि सेन्सरवर एकवीस दिसेपर्यंत तिथेच उभी राहिले.