उपेंद्रची तीनशे क्रियापदं

चेन्नईजवळच्या सिरुसेरीतल्या एका सॉफ्टवेअर कंपनीत काम करणाऱ्या उपेंद्रला अमेरिकेला जायची भारी हौस. म्हणून त्यानं ‘पुट अप विथ’, ‘लुक फॉरवर्ड टू’ असली इंग्रजीची तीनशे लांबलचक क्रियापदं चिठ्ठ्यांवर लिहून स्वयंपाकघराच्या भिंतीवर डकवली आणि घोकली.

“अहो, फोडणीत पडतायत तुमची क्रियापदं!” बायको अर्चना करवादायची.

अखेर अमेरिकेच्या साहेबाचा फोन आला. कुणाला न्यायचं, ते त्यावरच ठरणार होतं. साहेबानं एवढंच विचारलं, काम झालं का? उपेंद्र पाच मिनिटं बोलला. क्रियापदं सगळी आली, उत्तर तेवढं राहिलं. मग साहेबानं शेजारच्या टेबलावरच्या कौशिकला तेच विचारलं. तो म्हणाला, “डन, सर.”

कौशिक विमानात बसला.

अर्चनानं चिठ्ठ्या सोलून काढल्या. “मागनं कोऱ्याच आहेत की! वर्षभराच्या किराणा याद्यांची सोय झाली बघा.”