पर्वतीवर चढलेलं पाणी

मी नोकरीला लागले त्या संस्थेत एक प्रचंड संगणक होता आणि त्याहून प्रचंड असे आमचे सर होते. धरणातून पाणी सोडलं आणि वरून पाऊसही कोसळला, तर पुण्यात कुठे किती पाणी शिरेल याचं गणित त्या संगणकावर चालवायचं, हे सरांचं काम. गणित सहा दिवस चाले. ते संपलं की आकड्यांवरून चित्रं काढायची, हे माझं काम. म्हणजे सहा दिवस मी पगारी रिकामटेकडी.

एकदा धीर करून मी सरांना सुचवलं, "गणित चालू असतानाच मधूनमधून चित्र काढलं तर? आत काय चाललंय ते दिसेल तरी."

सरांनी चष्म्यावरून पाहिलं. "संगणक गणितासाठी घेतलाय, रांगोळीसाठी नाही. चित्रांत त्याचा वेळ जाईल."

"थोडासाच जाईल, सर."

"थोडासाच वेळ मीही तुम्हाला दिला होता. तो संपला."

माझ्या शेजारच्या टेबलावर चंद्रपूरकडचा एक सहकारी बसायचा. त्याने सगळं ऐकलं होतं. "विचारलंच कायले तू?" तो म्हणाला. "आधी करून टाकायचं, मग विचारायचं."

असले सल्ले मी लगेच पाळते. पुढचं गणित सुरू करण्याआधी आम्ही दोघांनी त्यात गुपचूप एक छोटासा भाग घुसवला. दर अर्ध्या तासाला पुण्याचा नकाशा निघणार आणि पाणी असेल तिथे निळा रंग दिसणार.

पहिलं चित्र आलं तेव्हा आम्ही एकमेकांना टाळ्या दिल्या. तिसऱ्या चित्रात नदी जरा रोडावल्यासारखी वाटली. दुसऱ्या दिवशी सकाळी पाहतो तर मुठा कोरडी ठणठणीत, शनिवार पेठेत थेंब नाही आणि पर्वतीच्या माथ्यावर गडद निळा डाग.

"बाप्पा! पाणी तर चढून राहिलं!" सहकारी म्हणाला.

जमिनीच्या उंचीची फाइल उघडली. प्रत्येक आकड्याआधी उणे चिन्ह पडलं होतं. त्यामुळे टेकड्यांचे खड्डे झाले होते आणि पाणी बिचारं नियमाने खड्ड्यांत निघालं होतं. ही फाइल या खेपेला सरांनी स्वतः नव्याने तयार केली होती, "दुसऱ्या कोणी हात लावू नये" असं बजावून.

आता पंचाईत. सांगावं तर आमची चोरी उघडी पडणार. न सांगावं तर संगणक आणखी पाच दिवस पर्वती बुडवत बसणार. खरं सांगते, पूर्ण दोन मिनिटं मला दुसरा पर्याय फार आवडला होता.

शेवटी आम्ही ते चित्र चहाच्या खोलीतल्या टीव्हीवर लावून दिलं. एरवी त्यावर वाढदिवसाच्या शुभेच्छा फिरत. चार वाजता सर आले. चहा करणाऱ्या मावशी शहरात सामील झालेल्या एका नदीकाठच्या गावच्या. कप पुढे करता करता त्यांचं लक्ष वर गेलं.

"आवो साहेब, ह्ये पानी पर्वतीवर कशापायी चढतंय? दर्शनाला का?"

सरांनी वर पाहिलं. घेतलेला कप तसाच हातात राहिला. मी बिस्किटाच्या पुड्यावरचा मजकूर फार मन लावून वाचू लागले.

"हे चित्र कुठून आलं?"

"आपोआप येऊन राहिलं, सर," सहकारी म्हणाला.

"आपोआप फक्त केस पिकतात."

चहा न पिताच ते गेले. दहा मिनिटांत गणित थांबलं. तासाभरात दुरुस्त फाइलवर नवं सुरू झालं. चूक कोणाची, हे ते बोलले नाहीत. आम्हीही विचारलं नाही. आपला जीव आपल्याला प्यारा असतो. मला भीती होती की आम्ही घुसवलेला भाग काढून टाकला असेल. तो जागच्या जागी होता. संध्याकाळी निघताना सर माझ्या टेबलाशी थांबले आणि म्हणाले, "निळा जरा फिका ठेवा. डोळ्यांना त्रास होतो."

नव्या गणितात पाणी शहाण्यासारखं उतारानेच गेलं. पाचव्या दिवशी मावशींनी मला टीव्हीपुढे उभं केलं. "आमचं गाव दावा." मी दाखवलं. नदीकाठचा एक कोपरा निळा झाला होता. मावशींनी त्यावर बोट ठेवलं.

"हितं आमच्या दिरानं बिल्डिंग बांधलीया. खाली त्याची नवी गाडी हाय. पानी लई वाढलं तर तिथवर जाईल?"

"जाईल," मी जपून म्हटलं. "त्यांना सांगून ठेवा."

"सांगते की," मावशी गॅस बारीक करत म्हणाल्या. "पर आजच सांगायला पायजे असं काय न्हाई ना?"