घाड्याचं मत

सुशीलेनं पोदेराकडून पाव घेतले, चहाचं आधण चुलीवर ठेवलं आणि तेवढ्यात पुढच्या दारावर टकटक झाली. वाड्यावर, म्हणजे त्या वस्तीत, दार वाजवायची रीत नव्हती. येणारा अंगणातूनच ‘सुशीला गे’ अशी हाक मारी आणि दुसऱ्या हाकेला चुलीपाशी पोचलेला असे. तेव्हा हे माणूस सरकारी असणार, नाहीतर परकं, असं ठरवून तिनं नवऱ्याला पुढं केलं.

दारात डिचोलीचे गोकुळदास वकील होते, आणि त्यांच्यासोबत सुती साडीतल्या एक उंच बाई. बाईंचं नाव चंद्राणी, गाव कोलंबो. शेजारच्या चार देशांतल्या काही मंडळींनी मिळून असं मनावर घेतलं होतं, की आपल्या साऱ्या मुलखात निवडणुका कशा व्हाव्यात याची एकसारखी मोजपट्टी हवी. ती तयार करण्यासाठी ही मंडळी एकमेकांच्या निवडणुका बघत फिरत. त्यांना मतदान केंद्रात शिरायची परवानगी नव्हती, म्हणून बाहेरचं सगळं ती फार बारकाईनं बघत.

“धाकूबाब,” वकील म्हणाले, “घटक राज्य झाल्यावरची ही पहिली विधानसभा. हळर्णात शाळेसमोर ही मोठी रांग आहे, आणि तुमच्या वाड्यावरचं एक माणूस दिसत नाही. कुणी अडवलं?”

“नाय.”

“धमकी दिली?”

“नाय.”

“दारू वाटली?”

“आज बंद आसा न्हय ती,” धाकू म्हणाला. त्याच्या आवाजात थोडी सहानुभूती होती.

वकील प्रत्येक उत्तर बाईंना इंग्रजीत सांगत आणि बाई मान डोलवत. धाकू उघड्या अंगानं कदेलीवर पाठ टेकून बसला होता. मतदानाच्या दिवशी एव्हाना तो इस्त्रीचा सदरा घालून तयार असे, हे फक्त घरच्यांना माहीत होतं.

“बाबा, सांगा मां,” आतून त्याची मुलगी सुविधा म्हणाली. “नारळांचं सांगा.”

धाकू हा देवळाचा घाडी. म्हणजे लोकांच्या वतीनं देवाला गाऱ्हाणं घालणारा. तरुणपणी तो खाणीवर कामाला होता, पण बाप गेला आणि गाऱ्हाणं त्याच्याकडे आलं. कुणाची म्हैस हरवली, कुणाच्या मुलीचं जुळत नाही, कुणाचा भाऊ मुंबईहून पत्र पाठवत नाही. जो नारळ घेऊन उभा राहील त्याच्यासाठी धाकू बोलणार. माणूस निवडायचं काम घाड्याचं नव्हे, असं त्याला बापानं शिकवलं होतं. भाषेचा वाद पेटला तेव्हा मराठीवाल्यांनी आणि कोंकणीवाल्यांनी गावात वेगवेगळ्या सभा घेतल्या, पण धाकूचं गाऱ्हाणं नेमकं कुठल्या भाषेत असतं हे विचारायला दोन्हीकडचं कुणी आलं नाही. दोन्हीकडचे नारळ मात्र आले.

अशा माणसाला मतदान आवडावं यात नवल नव्हतं. वर्षभर तो दुसऱ्यांचं मागणं देवापुढं मांडी. मतपत्रिकेवर शिक्का मारताना मात्र कुणी नारळ घेऊन मागं उभं नसे. पडद्याआड तो एकटाच असे आणि आपल्या मनचं सांगत असे. कुणाला मत दिलं ते त्यानं सुशीलेलाही कधी सांगितलं नाही. तिनं विचारलंही नाही. तिच्या मते एवढी एक गोष्ट त्या माणसाची स्वतःची होती.

यंदा घडलं ते असं. आधी एक उमेदवार, जयरामशेट, आला. त्यानं देवासमोर नारळ ठेवला, वाड्याला गोळा केलं आणि धाकूला म्हणाला, “वाड्याची मतां माका पडूंक होयी असा गाऱ्हाणा घाल.” धाकूनं घातलं. “बा देवा महाराजा, ह्या वाड्यावरच्या लहानथोरांनी आपली मतां जयरामशेटीच्या पदरात घालतलीं म्हणून तुझ्यासमोर कबूल केलां, महाराजा.” त्यावर सगळा वाडा म्हणाला, “व्हय महाराजा!”

पुढं अनंत मास्तर आले. धाकू दुजाभाव करणारा नव्हता. तोच देव, तेच गाऱ्हाणं, तेवढाच आवाज. वाडा म्हणाला, “व्हय महाराजा!” शेवटी एक अपक्ष आला. त्याची निशाणीही कुणाला नीट ठाऊक नव्हती, पण नारळ बरा होता. “व्हय महाराजा!”

गाऱ्हाण्याला ‘व्हय’ म्हणायची सवय पोरवयापासून जिभेला असते. अर्थ मागाहून घरी येतो. यावेळी तो सुशीलेच्या घरी चटणी वाटताना आला.

“ओ, आयकलात? मत एक आणि कबूल केलां तिघांक. हेका दिला तर त्या दोघांची शपथ मोडली.”

ही गोष्ट सकाळपर्यंत विहिरीवर पोचली आणि वाड्यानं एकमतानं तोडगा काढला: कुणालाच मत द्यायचं नाही. म्हणजे तिघांवर सारखाच अन्याय, आणि देवाला बोलायला जागा नाही.

धाकूनं सांगितलेलं हे सगळं वकिलांनी इंग्रजीत केलं. त्याला बराच वेळ लागला. चंद्राणीबाईंनी आपला कागद वरपासून खालपर्यंत पाहिला. धमकी, पैसा, दारू, गाड्या, बोगस नावं, सगळं होतं. नारळ नव्हता.

“त्या विचारतात, शपथ सोडवता येत नाही?”

“येता. ज्यानं नारळ ठेवला त्यानं येऊन ‘सोडला’ म्हणाक होया.”

“तिघं उमेदवार? आज?” वकील हसले. “ते आज स्वतःच्या बायकोलाही भेटणार नाहीत.”

“मग तुम्ही काय तरी करा.”

“आम्हांला काही करता येत नाही. आम्ही फक्त बघतो. मधे पडायचं नाही, असा नियम आहे.”

धाकूला हे पटलं. देवाचंही साधारण तसंच होतं.

सुविधा आता दारात आली होती. तिनं नवा पंजाबी ड्रेस घातला होता आणि वेणीत अबोली होती. मतदानाचं वय त्याच वर्षी अठरावर आलं होतं आणि तिचं नाव पहिल्यांदाच यादीत लागलं होतं. “बाबा, माका जावचा आसा,” ती म्हणाली. “मी काय कोणाक कबूल करूंक नाय. मी नुसती ‘व्हय’ म्हणालंय.”

“सगळ्यांनीच नुसता म्हटला गे.”

“मग तुम्हीच म्हणवलात मां?”

सुशीलेनं चहाचे पेले पाहुण्यांसमोर ठेवले आणि नवऱ्याकडे बघत उभी राहिली. वाटणाच्या दगडापाशी एकदा सांगून झालं होतं. पुन्हा सांगायची तिला गरज वाटली नाही.

धाकू उठला. सदरा न घालताच देवळात गेला. बघता बघता वाडा जमला. पाहुण्या बाई चपला काढून पायरीखाली उभ्या राहिल्या. नारळ ठेवणाऱ्याशिवाय शपथ सोडवायची दुसरी वाट एकच होती, आणि ती वापरलेली कुणी पाहिली नव्हती. सगळ्यांचं बांधलेपण घाड्यानं आपल्या अंगावर घ्यायचं. मग लोक मोकळे आणि घाडी बांधलेला.

“बा देवा महाराजा,” धाकू म्हणाला, “तिघांक एक मत कबूल केला ती चूक लोकांची नाय, माझ्या तोंडाची. त्यांका मोकळे कर. ज्याका जा पटता ता तेणां करूंदे. शपथ माझ्याकडे ऱ्हवांदी, महाराजा.”

‘व्हय’ म्हणावं की नाही हा विचार पहिल्यांदाच सगळ्यांना एकदम पडला होता. धाकू वाट बघत राहिला. शेवटी सुविधा म्हणाली, “व्हय महाराजा.” मागून सुशीला म्हणाली, आणि मग सगळेच.

माणसं घरी जाऊन कपडे बदलून शाळेच्या वाटेला लागली. सुविधा सर्वांच्या पुढं होती. सुशीला कुंपणापाशी क्षणभर थांबली, तिनं मागं वळून पाहिलं, आणि तीही गेली. धाकू देवळाच्या पायरीवर बसून पाठमोऱ्या माणसांकडे बघत राहिला.

चंद्राणीबाई त्याच्याजवळ आल्या. वकील म्हणाले, “धाकूबाब, ह्या बाई चार देशांसाठी अहवाल लिहिणार आहेत. विचारतात, तुमच्याकडून काय लिहू?”

धाकूनं थोडा विचार केला.

“मतां मागूंक येतत त्यांनी नारळ घेऊन देवळात येव नये. घराक येवंदेत, आम्ही चाय देव,” तो म्हणाला. “फुडल्या खेपेक माका मत घालूचा आसा.”